रिफायनरी खाद्यतेलाकडे वळली तर गंधकाचे काम उरेल का?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ऐरोलीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलाला एका रिफायनरीच्या सल्फर रिकव्हरी युनिटमध्ये (हायड्रोजन सल्फाइड वायूपासून गंधक परत मिळवणाऱ्या विभागात) उन्हाळी प्रशिक्षणाची संधी आली आहे. परंतु रिफायनऱ्या विमानाच्या इंधनासाठी वापरलेल्या खाद्यतेलाकडे वळणार आणि त्या तेलात गंधक नसते, तर हे शिकून काय उपयोग, अशी आपली शंका आहे. त्याने ही संधी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खनिज तेलातून गंधक काढणे, हे आजवर या कामाचे स्वरूप होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मानकानुसार पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भागांच्या) वर चालत नाही. खाद्यतेलात ते जेमतेम असते, हे आपण बरोबर लिहिले आहे. मात्र त्या तेलात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो आणि तो काढण्यासाठी सहसा वापरला जाणारा निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक सल्फाइडच्या रूपातच नीट काम करतो. तेलात गंधक नसेल तर उत्प्रेरकातले गंधक हळूहळू निघून जाते, म्हणून तिथे डायमिथिल डायसल्फाइडसारखे रसायन मुद्दाम, मोजून सोडावे लागते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू तयार होतो.

खरी गुंतागुंत त्यापुढे आहे. ऑक्सिजनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, वायू शुद्ध करणारे अमाइनचे द्रावण त्यालाही हायड्रोजन सल्फाइडसोबत शोषते, आणि क्लॉस युनिटकडे (या वायूपासून गंधक बनवणाऱ्या युनिटकडे) जाणाऱ्या वायूतील हायड्रोजन सल्फाइड इतका विरळ होऊ शकतो की भट्टीचे तापमान टिकवणे कठीण जाते. मोठ्या भारासाठी बांधलेले युनिट कमी वायूवर चालवायचे, तो वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन काढायचा, की हायड्रोजन सल्फाइड रिॲक्टरकडे परत फिरवून रसायनाचा खर्च वाचवायचा, हे ठरवायला गंधक जाणणारेच अभियंते लागतील.

शिवाय हा बदल एका रात्रीत होणार नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात शाश्वत इंधनाचे (वापरलेल्या खाद्यतेलासारख्या कच्च्या मालापासूनच्या इंधनाचे) प्रमाण २०२७ पर्यंत १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के करावे, असे आपल्या देशाचे उद्दिष्ट आहे. म्हणजे खनिज तेल दीर्घकाळ सोबत राहील.

आपल्या मुलाने प्रकल्पासाठी हाच विषय मागून घ्यावा: ॲसिड गॅसचा (क्लॉस युनिटकडे जाणाऱ्या वायूचा) भार निम्म्यावर आला आणि त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला, तर भट्टीचे काय होईल? पदार्थ व उष्णतेचा ताळेबंद त्याने स्वतः मांडावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील डिझाइन कार्यालयांत मुलाखतीला जाताना तो उपयोगी पडेल.

आणि प्रशिक्षणात गॅस डिटेक्टर अंगावरून कधीही काढू नये, हे त्याला आवर्जून सांगावे, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची क्षमताच बधिर होते.

आपला,
करिअर मार्गदर्शक