वाट वाकडी करण्याआधी

प्रश्न: ताई, आम्ही कराडचे चौघे मित्र जुलैअखेर लडाखला मार्खा खोऱ्याचा ट्रेक करतोय. गाईड नाही, घोडे नाहीत. सॅक आमच्याच पाठीवर, तंबूही बरोबर. चिलिंगहून सुरुवात आणि कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शेवट. लेहमधले मुक्काम सोडून हातात सात दिवस आहेत. एवढ्या लांब जातोच आहोत, तर आजूबाजूचंही बघून घ्यावं म्हणतो : ताचा गोम्पा (बौद्ध मठ), हांकरचा पडका किल्ला, कांग यात्झेचा बेस कॅम्प, जमलं तर कांग यात्झे-२ शिखर, आणि दिवस वाचला तर पँगाँग. कसं बसवू?

उत्तर: तुमची यादी वाचून आमच्या आत्याची अष्टविनायक यात्रा आठवली. दीड दिवसात आठ गणपती, वाटेत जेजुरीसुद्धा. घरी आल्यावर तिला विचारलं काय पाहिलं, तर म्हणाली, ‘चपलांचे स्टँड.’

आधी खोडायचं ते खोडू. शिखर खोडा. कांग यात्झे-२ ची उंची ६,२०० मीटरच्या वर आहे. तिथे क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) लागतात, दोर लागतो, बर्फावर चालायचा सराव लागतो आणि मध्यरात्री निघावं लागतं. ती वेगळी मोहीम झाली, ‘जमलं तर’ या खात्यात तिला जागा नाही. पँगाँगही खोडा. लेहहून जाऊन यायचं तर चांग ला ही खिंड दोनदा ओलांडत अख्खा दिवस गाडीत जातो. तो दिवस वाचलाच, तर विमानाच्या आदल्या दिवशी लेहमध्ये हातात असू द्या.

राहिले तीन. त्यांचा हिशेब किलोमीटरवर करू नका. सह्याद्रीत आपण ‘तासाभराचं तर आहे’ म्हणत कुठेही वाट वाकडी करतो, पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेहच ३,५०० मीटरवर आहे आणि तुमची खिंड ५,००० च्या वर. तीन हजारांच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा सरळ नियम धरा आणि त्यात जे बसेल तेवढंच घ्या.

पहिला मुक्काम स्किऊ, दुसरा मार्खा. हा दुसरा दिवस लांबलचक आहे, त्यात काही घुसडू नका. तिसऱ्या दिवशी मार्खा ते हांकर चाल बेताची असते आणि ताचा गोम्पा याच वाटेवर, कड्याच्या टोकावर आहे. सॅक खाली ठेवून नागमोडी वाटेने चढा. वर लामा नसले तर दाराला कुलूप मिळेल, पण खालचं खोरं पाहायला किल्ली लागत नाही. हांकरला पोचलात की चहा घ्या, तासभर पाठ टेका आणि उन्हं कलताना रिकाम्या हाताने किल्ल्याकडे जा. थोडं वर चढून खाली झोपायला येणं शरीराला मानवतं, म्हणून ही वाकडी वाट फुकटची नाही, पुढच्या चढाची तयारीच आहे.

आता खरा पेच. हांकर सुमारे ४,००० मीटर, खिंडीआधीचा मुक्काम निमालिंग ४,७०० च्या वर. बहुतेक जण ही उडी एका दिवसात मारतात. तुमच्याकडे तंबू आहेत, मग मध्ये थाचुंग्त्सेला थांबा. पाचव्या दिवशी निमालिंग, सहाव्या दिवशी बेस कॅम्प करून परत निमालिंगलाच झोप आणि सातव्या दिवशी खिंड. निमालिंगला पोचताना कुणाचं डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर सहावा दिवस विश्रांतीचा. बेस कॅम्प गेला. तरीही उतार पडला नाही, तर खिंड विसरून आल्या वाटेने खाली उतरायचं.

बेस कॅम्पला सकाळी सातच्या आत निघा. हे मी शहाणपणाने नाही, ओल्या बुटांनी सांगतेय. आम्ही साडेदहाला निघालो, मऊ गवतात मार्मोट (खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी) दिसले म्हणून रमलो. जाताना ज्या ओढ्यावरून दगडादगडांवर पाय देत गेले, तोच परतताना चारच्या सुमारास मांडीपर्यंत होता. दिवसभराच्या उन्हाने वरची हिमनदी वितळते आणि ते पाणी दुपारी खाली येतं. मी बुटांसकट उतरले. मोजे रात्री स्लीपिंग बॅगेत पोटाशी धरून सुकवले, बूट मात्र सकाळी लाकडासारखे कडक. ते घालून खिंड चढले. पलीकडच्या घळीत ओढा कितीदा तरी ओलांडायचा आहे, म्हणून त्या दिवशीही पहाटेच निघा.

प्रश्न: उंचावरच्या ट्रेकमध्ये मुक्कामाहून वाट वाकडी करायची म्हटली की आमच्या गटातली एक मैत्रीण म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी तंबूत थांबते.’ तिला सोडून जाणं बरं का? (दोन मैत्रिणी, नाशिक)

उत्तर: का थांबतेय ते आधी विचारा. नुसता कंटाळा आला असेल तर खुशाल जा, परतायची वेळ ठरवून. डोकं दुखतंय म्हणून थांबत असेल तर तिच्याजवळ कुणीतरी राहायलाच हवं. उंचीचा त्रास झालेला माणूस ‘मी ठीक आहे’ हेच सगळ्यात आधी म्हणतो. तिला तंबूभोवती सरळ रेषेत चालायला लावा. तोल जात असेल तर बेत मोडा आणि तिला घेऊन लगेच उतरा, रात्र असली तरी. आणि थांबणारीजवळ स्टोव्ह, गॅस ठेवून जा. आमची एक जण सहा तास कोरडे चुरमुरे खात बसली होती, कारण लायटर माझ्या खिशात होता.