जेनेरिक म्हणजे नकली नव्हे

विचारणा अशी आहे : आफ्रिकेला मदत म्हणून जाणाऱ्या जेनेरिक औषधांना एका बातमीत ‘नकली औषधे’ म्हटलं होतं, ते चालेल का?

अजिबात नाही. मेडिकलच्या काउंटरवरही हेच कानावर येतं : ‘ओरिजिनल द्या, डुप्लिकेट नको.’ नकली गोळीत औषध नसतं, कमी असतं किंवा भलतंच असतं, आणि पाकिटावरचं नाव खोटं. जेनेरिकमध्ये तेच औषध तेवढ्याच मात्रेत असतं. मूळ कंपनीचा ब्रँड तेवढा नसतो.

हा घोळ जिवावर बेततो. केनियाने 2008 मध्ये बनावट मालाविरुद्ध कायदा केला. त्यात ‘बनावट’ची व्याख्या इतकी सैल, की रीतसर जेनेरिकही तिच्यात सापडावं. एचआयव्हीबाधित तिघे कोर्टात गेले आणि एप्रिल 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ‘जेनेरिकला बनावट धरू नये’ हे त्यांचं म्हणणं मान्य केलं. पणाला काय होतं? 2001 साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधं एका रुग्णाला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा ब्रँडवाल्यांचा भाव 10,000 डॉलरच्या पुढे होता.

आता शब्दाकडे. जेनेरिकच्या मुळाशी लॅटिन ‘गेनुस’ आहे : कुळ, जात. त्याचं ग्रीक भावंड ‘गेनोस’. ते अरबीत शिरून ‘जिन्स’ झालं, फारसीमार्गे मराठीत आलं आणि वाण्याच्या यादीत ‘जिन्नस’ होऊन बसलं! आपले कोश ‘अरबी’ एवढं लिहून थांबतात, ही कुचराई आहे. काही हौशी मंडळी जिन्नस थेट संस्कृत ‘जन्’वरून काढतात, तेही चूक. ‘जन्’ त्याच घराण्यातला खरा, पण चुलता, बाप नव्हे.

त्याहून सुंदर शब्द ‘ऐनजिनसी’. पूर्वी शेतसारा रोकड न देता धान्यात दिला की तो ऐनजिनसी. ‘ऐन’ म्हणजे खुद्द, तोच. पैशाऐवजी गोळ्याच पाठवल्या, तर ती ऐनजिनसी मदत. ‘वस्तुस्वरूपातील साहाय्य’ असली सरकारी बोजड रचना हवीच कशाला? माझं तर मत आहे की जेनेरिकलाही ‘जिनसी औषध’ म्हणावं. ‘जिनसी’ म्हटलं की काहींना जुन्या फौजेतला ‘जिनसी’ तोफखानाच आठवेल, पण सवयीने रुळेल. ‘सामान्य औषध’ हा पर्याय सुचवणाऱ्यांनी जरा विचार करावा : रोग्याला त्यातून ‘हलकं औषध’ एवढंच ऐकू येतं, आणि तो पुन्हा महागडं पाकीट मागतो.