परसात घर बांधावं की परसच विकावं?

सॅन होजेहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: ‘२०१४ साली ९,५०,००० डॉलरला घर घेतलं. प्लॉट ६,४०० चौरस फूट. २०२१ मध्ये रिफायनान्स केलं, आता २.८७५ टक्क्यांनी ४,६०,००० कर्ज बाकी आहे. नवऱ्याच्या कंपनीचे ४,१०,००० चे शेअर आणि बँकेत ६०,००० रोख. आई-बाबा पुण्याहून दर वर्षी सहा महिने येतात, पण बेडरूम वर आणि बाबांचे गुडघे गेलेले. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यांमुळे मागे छोटं घर बांधता येतं, किंवा प्लॉटचे दोन तुकडे करून एक विकता येतो. एक बिल्डर मागच्या तुकड्याचे ५,००,००० द्यायला तयार आहे. मैत्रीण म्हणते, काहीच करू नका, अजून भाव येईल. काय करावं? आणि हो, मुलगी नववीत आहे, ती कॉलेजला गेली की आम्ही कदाचित पुण्याला परतू.’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य शेवटचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी त्यालाच धरून उत्तर देणार आहे.

आधी कायद्याचं. कॅलिफोर्नियात गेली काही वर्षं राज्य सरकार शहरांच्या हातातून ‘नाही’ म्हणायचा अधिकार काढून घेतंय. २०२० पासून परसातल्या घराचा, म्हणजे एडीयूचा अर्ज नियमात बसत असेल तर शहराला ६० दिवसांत निकाल द्यावा लागतो. सुनावणी नाही, शेजाऱ्यांची हरकत नाही. बाजूच्या आणि मागच्या कुंपणापासून ४ फूट सोडलेत की बास. मग २०२२ च्या १ जानेवारीपासून एसबी ९ हा राज्याचा कायदा लागू झाला. एका घराच्या प्लॉटवर दोन घरं, किंवा प्लॉटचेच दोन तुकडे. लहान तुकडा मूळच्या किमान ४० टक्के हवा आणि १,२०० चौरस फुटांच्या खाली नको. तुमच्या बाबतीत ४० टक्के म्हणजे २,५६० फूट. बिल्डरनं बरोबर तेवढाच मागितलाय, बघा.

पुण्यामुंबईचा माणूस एफएसआय वाढला असं ऐकलं की कान टवकारतो. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये फुकटात मोठा फ्लॅट मिळतो ही आपली आठवण. इथे गणित तसं नाही. इथे राज्यानं तुम्हाला परवानगी दिली आहे. पैसे, जोखीम आणि ड्रेनेजची लाइन तुमची.

आता ५,००,००० चं काय होतं ते पाहू. २०१४ च्या किमतीतला जमिनीचा वाटा ६,००,००० धरला तर ४० टक्क्यांची तुमची मूळ किंमत २,४०,०००. सर्व्हे, नकाशा, वकील, वेगळी जोडणी, मागची शेड पाडणं यांना ६०,००० धरा. नफा उरला २,००,०००. तुम्हाला वाटतंय की घर विकल्यावर पती-पत्नीला ५,००,००० पर्यंतचा नफा करमुक्त असतो, म्हणजे हाही सुटेल. नाही सुटणार. घराला लागून असलेली मोकळी जमीन वेगळी विकली तर ती सवलत तेव्हाच लागते, जेव्हा राहतं घरही त्या विक्रीच्या आधी किंवा नंतर दोन वर्षांच्या आत विकलं जातं. तुम्ही तर घर ठेवणार आहात. मग फेडरल १५ टक्के, वर जास्त उत्पन्न असणाऱ्यांच्या गुंतवणूक-नफ्यावरचा जादा कर ३.८, आणि कॅलिफोर्निया भांडवली नफ्याला पगारासारखंच धरते म्हणून तिचे ९.३. मिळून २८.१ टक्के, म्हणजे ५६,२००. हातात ३,८३,८०० राहिले.

हातात म्हणतोय खरं, पण त्याआधी तुम्हाला कर्ज देणारी बँक आहे. तिचं गहाण अख्ख्या ६,४०० फुटांवर आहे. तुकडा विकायचा तर तेवढ्या जमिनीवरचं गहाण तिला सोडावं लागेल, आणि ती म्हणू शकते, ‘आधी कर्ज कमी करा.’ २.८७५ टक्क्यांचं कर्ज आज कुणी मागून देत नाही. ते मुदतीआधी फेडायला लावणं म्हणजे बँकेला बक्षीस देणं आहे. बिल्डर या विषयावर कधी बोलला? माझा अंदाज, नाही.

आणि मग ते शेवटचं वाक्य. प्लॉट तोडायचा अर्ज करताना मालकाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की मंजुरीच्या तारखेपासून तीन वर्षं यातल्या एका घरात मुख्य घर म्हणून राहायचा आमचा इरादा आहे. मुलगी नववीत, म्हणजे चार वर्षांत कॉलेज. आज अर्ज केलात, वर्षभरानं मंजुरी आली, की तीन वर्षं जेमतेम संपतात. ‘कदाचित’ थोडं अलीकडे सरकलं की सही खोटी ठरण्याची भीती. ज्या कुटुंबाच्या मनात परतीचं तिकीट आहे त्यानं ही सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकडा विकायचं प्रकरण माझ्यापुरतं इथेच संपलं.

एडीयूला मात्र ही अट नाही. मालकानं तिथेच राहिलं पाहिजे असं शहर म्हणू शकत नाही. आधी ही सूट तात्पुरती होती, २०२३ च्या एबी ९७६ नं कायमची केली. म्हणजे उद्या तुम्ही पुण्याला गेलात तरी पुढचं घर एकाला, मागचं दुसऱ्याला भाड्यानं देता येईल. तुमच्यासाठी हा फरक सगळ्यात मोठा आहे.

तुम्ही कंत्राटदाराचं कोटेशन जोडलंय: ८२० चौरस फूट, ३,४५,०००. पहिली गोष्ट, ते ७४५ करायला सांगा. ७५० च्या आत राहिलात तर शहर इम्पॅक्ट फी, म्हणजे रस्ते-बागांसारख्या सोयींपोटीचं शुल्क, लावू शकत नाही. शाळेची फी ५०० च्या वर लागतेच, ती वेगळी. ७४५ फुटांत एक नीट बेडरूम, उंबरा नसलेलं बाथरूम आणि दुसरी छोटी खोली बसते. बाबांना याहून जास्त जागा नकोय, त्यांना पायरी नकोय.

किंमत ३,२०,००० वर येईल असं धरू आणि वर १५ टक्के ठेवू. ३,६८,०००. हे १५ टक्के मी हौसेनं धरत नाही. माझ्या स्वतःच्या घरी गॅरेजची खोली केली तेव्हा भिंती सात आठवड्यांत उभ्या राहिल्या आणि विजेचं पॅनल १०० अँपिअरवरून २०० करून मिळायला सात महिने लागले. तोवर नवी कोरी खोली, आत एक्स्टेंशन कॉर्डवर चालणारा एक दिवा. भाडं शून्य, हप्ता चालू.

आता भाड्याचं. तुमच्या भागात अशा घराला २,९०० मिळतील असं तुम्ही लिहिलंय, मान्य करतो. वर्षाचे ३४,८००. एक महिना रिकामा गेला, २,९०० वजा. मालमत्ता कर: तुम्हाला भीती वाटतेय की अख्ख्या घराचं नव्यानं मूल्यांकन होईल. तसं होत नाही. १९७८ च्या प्रॉप १३ या मालमत्ता कराच्या कायद्याखाली जुन्या घराचं मूल्य आहे तिथेच राहतं, वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. नव्या बांधकामाचं मूल्य तेवढं वर चढतं. ते ३,००,००० धरलं तर सगळे स्थानिक कर मिळून साधारण ३,७५०. विमा ९००, दुरुस्ती २,०००. उरले २५,२५०, म्हणजे ३,६८,००० वर पावणेसात टक्क्यांच्या जरा वर.

तुम्ही सगळी रक्कम ८ टक्क्यांच्या हेलॉकवर, म्हणजे घर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जावर, उचलायचं म्हणताय. व्याजच २९,४४०. दर वर्षी चार हजारांहून जास्त खिशातून घालाल, तेही व्याजदर बदलता. हे नको. अर्धे, म्हणजे १,८४,००० हेलॉक आणि अर्धे शेअर विकून. मग व्याज १४,७२०, हातात १०,५३०. वर घसारा आहे: भाड्याच्या घराची किंमत साडेसत्तावीस वर्षांत विभागतात, वर्षाला सुमारे १३,३८०. म्हणून कागदावर तोटा दिसेल आणि भाड्यावर सध्या कर लागणार नाही. पण तो कागदी तोटा पगारातून वजा होईल अशी आशा नको. दीड लाखाच्या वर उत्पन्न असलं की तो साठून राहतो, पुढे विकताना कामी येतो. आणि विकताना घेतलेला घसाराही सरकार २५ टक्क्यांपर्यंत दरानं परत मागतं, हे लक्षात ठेवा.

शेअर विकायच्या नावानं नवरा नाराज होईल, ठाऊक आहे. पण पगार त्या कंपनीचा, आरोग्य विमा त्या कंपनीचा आणि चार लाखांची बचतही त्याच कंपनीची. एका ई-मेलनं तिन्ही गोष्टी एकाच दिवशी हलू शकतात. आरएसयू, म्हणजे कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर, हातात येतात त्या दिवशी त्यांवर पगारासारखा कर लागून गेलेला असतो. विकताना फक्त त्यानंतरच्या वाढीवर लागतो. त्यामुळे अलीकडे आलेले आधी विका, त्यांत वाढ कमी असेल. एडीयू झाला नाही तरी हे मी सांगितलंच असतं. ६०,००० रोख मात्र हलवू नका.

हे सगळं झालं भाडेकरू धरून. आई-बाबा राहिले तर भाडं सहा महिन्यांचंच, आणि उरलेल्या सहा महिन्यांसाठी भाडेकरू शोधणं सोपं नाही. ३० दिवसांहून कमी मुदतीनं देण्यावर बहुतेक शहरांची मनाई असते. म्हणून ती वर्षं गुंतवणुकीच्या वहीत लिहू नका. तो बाबांच्या गुडघ्यांचा खर्च आहे आणि तो करण्यासारखा आहे, एवढं मान्य करून करा. पण एक साधा प्रश्न त्यांना विचारलात का? ‘आम्ही परत आलो तर तुम्हाला इथे यायचं कारण उरेल का?’ चार वर्षांत तुम्ही पुण्यात असाल तर त्यांची सहा महिन्यांची चार-पाच वास्तव्यं आणि त्यासाठी ३,६८,०००. तेवढ्यासाठी खालच्या मजल्यावर पूर्ण बाथरूम करून डायनिंगची खोली बंद करून घ्या, फार कमी पैशांत काम होईल. तुमच्या घरात ५०० फुटांपर्यंतचं ज्युनिअर एडीयूसुद्धा बसतं, घराच्या भिंतींच्या आत.

मैत्रिणीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सही झालेला एसबी ७९, १ जुलै २०२६ पासून लागू, रेल्वे आणि लाइट रेलच्या ठरावीक स्थानकांपासून अर्ध्या मैलात बहुमजली इमारतींना वाट देतो, काही ठिकाणी नऊ मजल्यांपर्यंत. तुमचं घर लाइट रेलच्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे असं लिहिलंय. तर तुम्ही त्या वर्तुळात असाल किंवा काठावर. शहराच्या नकाशावर पाहून घ्या. पण मोठ्या इमारतीला एकसंध जमीन लागते. आज मागचा तुकडा विकलात तर उद्या येणाऱ्याला एकाऐवजी दोन मालकांशी बोलावं लागेल, आणि उरलेल्या ३,८४० फुटांवर तो फार थांबणार नाही. प्लॉट न तोडायचं हे आणखी एक कारण. भाव येईलच म्हणून मात्र वाट पाहत बसू नका.

आणखी एक वाट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्याच शहरात आहे. २०२३ च्या एबी १०३३ नं शहरांना मुभा दिली की एडीयू कॉन्डो, म्हणजे स्वतंत्र मालकीचा फ्लॅट, म्हणून वेगळा विकू द्यावा, आणि सॅन होजेनं ती सगळ्यात आधी घेतली, २०२४ मध्ये. यालाही कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागतेच. आज त्यावर हिशेब बांधू नका, परतीच्या वेळी एक जास्तीची किल्ली खिशात आहे इतकंच समजा.

परत गेलात तर घर विकायचं की ठेवायचं, हे निघण्याआधी ठरवा. घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकलं तर ५,००,००० ची सवलत पुढच्या घराला मिळते, कारण पाचातली दोन वर्षं राहिल्याची अट तोवर पूर्ण असते. भाड्यानं दिलेल्या एडीयूच्या वाट्याच्या नफ्याला ती लागत नाही. आणि पुण्यात आरएनओआरची, म्हणजे परदेशातल्या उत्पन्नावर भारतात कर न लागणारी, सुरुवातीची वर्षं संपली की इथलं भाडं भारतातही करपात्र होतं. इथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण तिथे घसारा नाही, सरसकट ३० टक्के वजावट आहे. इथे शून्य कर आणि तिथे भरावा लागला, असं होऊ शकतं.

तेव्हा माझं उत्तर: प्लॉट तोडू नका. पुढची आठ-दहा वर्षं इथेच असाल, किंवा गेलात तरी घर ठेवणार असाल, तर ७४५ फुटांचा एडीयू, अर्ध्या कर्जावर. चार वर्षांत विकून जाणार असाल तर खालचं बाथरूम. दोघांनी एका रविवारी मुलीला बाजूला ठेवून यावर बोला.

आणि कंत्राटदाराला पहिला चेक देण्याआधी एक काम करा. तुम्ही पाठवलेल्या प्लॉटच्या नकाशात मागच्या कुंपणाला समांतर, १० फूट आत, एक तुटक रेघ आहे. ती बहुधा सार्वजनिक वाहिन्यांसाठी राखलेल्या पट्ट्याची आहे. कायद्यानं ४ फूट सोडले की चालतं हे खरं, पण तशा पट्ट्यावर घर उभं करता येत नाही, आणि कंत्राटदाराच्या आराखड्यात बाथरूम नेमकं तिथेच आहे. टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्काच्या कागदात, ती रेघ शोधा, मग घर सहा फूट पुढे ओढून आराखडा पुन्हा काढायला लावा. लिंबाचं झाड मध्ये येईल असं दिसतंय. आईंना आधी विचारा.