पासवर्डविना वायफाय: गुन्हा नसला, तरी पहिली चौकशी तुमच्याकडेच

आपण विचारले आहे की, शेजारच्या खोलीतील विद्यार्थी आणि इमारतीचा रखवालदार यांची सोय व्हावी म्हणून घरचे वायफाय पासवर्डविना ठेवले, तर त्यात कायदेशीर अडचण आहे का. घरचे वायफाय उघडे ठेवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नाही. अडचण शिक्षेच्या आधीची आहे, आणि ती नीट समजण्यासाठी २००८ साली काय घडले ते पाहावे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या जोडणीपर्यंत पोहोचला. त्याचे वायफाय असुरक्षित होते आणि ते बाहेरच्या कोणीतरी वापरले होते. त्याचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले, परंतु तोपर्यंत त्याला दहशतवादविरोधी पथकाच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

असे होण्याचे कारण तांत्रिक आहे. राउटरला जोडलेले सगळे फोन आणि लॅपटॉप बाहेर एकाच आयपी पत्त्याने (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याच्या क्रमांकाने) दिसतात. पोलीस तो पत्ता, तारीख आणि वेळ सेवा पुरवठादाराला कळवतात आणि उत्तरात जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव व घराचा पत्ता येतो. रखवालदाराचे नाव त्या कागदावर कुठेच नसते. आपल्या राउटरमध्ये नोंद सापडेल असे आपण म्हणाल, परंतु बहुतेक घरगुती राउटरची नोंद अगदी त्रोटक असते आणि वीज गेली की बहुधा पुसली जाते. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता यादृच्छिक, म्हणजे कसाही निवडलेला, पत्ता देतात, त्यामुळे नोंद उरली तरी तिच्यावरून फोन ओळखणे कठीण असते. न्यायालयात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाचीच आहे, हे खरे. पण तिथवर प्रकरण जाण्याआधी घरातले संगणक आणि फोन तपासणीसाठी जप्त होऊ शकतात, आणि ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करत बसावे लागते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ नुसार मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांची माहिती केवळ पुढे पोहोचवणाऱ्याला, संरक्षण मिळते, असा सल्ला अशा चर्चांत हमखास दिला जातो. माझ्या मते त्यावर विसंबणे धाडसाचे आहे. ते संरक्षण योग्य दक्षता घेतल्याच्या अटीवर मिळते, आणि आपले नेट कोण वापरतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने दक्षता घेतली असे म्हणणे फार अवघड आहे.

घरातल्या घरात होणारे नुकसानही लक्षात घ्यावे. उघड्या नेटवर्कवर आलेल्या माणसाला आपला प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) दिसू शकतो, आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल (बहुतेक घरांत तो बदललेला नसतोच), तर तो माणूस राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलू शकतो. मग बँकेचा पत्ता टाइप केला तरी भलतेच पान उघडण्याची शक्यता राहते.

मदत करायचीच असेल, तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (पासवर्डसह वायफाय सुरक्षित करणारी पद्धत) लावावे, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद करावे आणि ओळखीच्या माणसांपुरते वेगळे गेस्ट नेटवर्क पासवर्डसह सुरू करावे. मात्र गेस्ट नेटवर्कमुळे आपली उपकरणे पाहुण्यांपासून वेगळी राहतात, एवढेच. बाहेरचा आयपी पत्ता तोच राहतो. म्हणून विद्यार्थी खोली सोडून गेला की पासवर्ड लगेच बदलावा. सेवा पुरवठादाराशी झालेल्या करारात जोडणी घराबाहेर देण्यास मनाई आहे का, तेही वाचून घ्यावे. शेजाऱ्यांकडून दरमहा पैसे घेण्याचा विचार असेल तर तो सोडावा, कारण ती सेवेची पुनर्विक्री होते. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आहे, आणि तिच्यात वापरणाऱ्याची नोंदणी होते.

उद्या पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली माहितीची मागणी आलीच, तर घाबरून राउटर रीसेट करू नये. त्यात असलेली थोडीफार नोंद जाईल आणि पुरावा नष्ट केल्याचा संशय मात्र पदरी पडेल. वकिलाला दाखवून लेखी उत्तर द्यावे, त्यात पासवर्ड कोणाकोणाला दिला होता ते स्पष्ट लिहावे, आणि काही जप्त झाल्यास पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.