पंप, थर्मोस्टॅट, कूलंट सगळं नवीन, तरी गाडी गरम होतेय? हेड उघडण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वॉटर पंप गळत होता म्हणून बदलला, त्याच वेळी थर्मोस्टॅट आणि कूलंटही नवीन घातलं. आता गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो, न्यूट्रलमध्येच जरा रेस केलं की झपकन उतरतो, आणि मेकॅनिक म्हणतोय की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. कामाआधी गाडी कधीच गरम झाली नव्हती, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंय. माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. कामानंतर बिघाड सुरू झाला असेल तर आधी त्या कामात जिथे जिथे हात लागला तिथे बघायचं. गॅस्केटला कुणी हात लावलेला नाही.

दुसरा धागा त्या रेस करण्यात आहे. फॅन इलेक्ट्रिक असेल तर उभ्या गाडीत रेस केल्याने तो जास्त जोरात फिरत नाही, रेडिएटरवरची हवाही वाढत नाही. वाढतो तो फक्त पंपाचा वेग. म्हणजे पंप जोरात फिरल्यावर काटा उतरतो, याचा अर्थ कमी वेगाला कूलंट नीट फिरत नाहीये. माझा पहिला संशय एअर लॉकवर, म्हणजे आत अडकलेल्या हवेवर आहे.

पंप काढला की रेडिएटरबरोबर ब्लॉकमधलंही बरंचसं कूलंट बाहेर येतं, आणि त्या जागी हवा शिरते. नुसतं वरून ओतून टाकी भरलेली दिसली म्हणजे ती हवा बाहेर गेली असं नाही. ती हेडच्या वरच्या भागात नाहीतर हीटरच्या कॉइलमध्ये अडकून बसते. पंपाला द्रव ढकलता येतो, हवेचा फुगा हलवता येत नाही. थर्मोस्टॅटमधलं मेण गरम द्रव लागला की वितळतं आणि झडप उघडते, साधारण 82 ते 90 अंशांना. भोवती हवा असेल तर ती उशिरा उघडते. टेंपरेचर सेन्सर हवेत किंवा वाफेत आला तर काटा मनाला येईल तसा उड्या मारतो. म्हणून काटा खाली आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. कूलंट अगदीच संपलं तर सेन्सर कोरडा पडून काटा चक्क कमी तापमान दाखवू शकतो. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) मिळाला तर खरे आकडे त्यावर बघा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो.

खात्री करायची सोपी पद्धत: इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर लावा. उभ्या गाडीत हवा थंड आणि रेस केल्यावर गरम येत असेल, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल, तर आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. दोन्हीवर उपाय एकच.

इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं नाक चढावर करून उभी करा, रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा, हीटर गरमवर आणि ब्लोअर कमी वेगावर ठेवा. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत भरा, मग बंद करा. आता इंजिन चालू करून आयडलवर ठेवा आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडताना पातळी बऱ्याचदा एकदम खाली जाते, तेव्हा घाबरायचं नाही. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. काही गाड्यांची हवा अशी निघतच नाही. त्यांना व्हॅक्यूमने भरावं लागतं किंवा स्कॅनरवरून इलेक्ट्रिक पंप चालवावा लागतो. मॅन्युअलमध्ये पद्धत दिली असेल तर माझं सोडा, तीच पाळा. काटा चढायला लागला तर लगेच बंद करा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी तर अजिबात नको. ॲल्युमिनियमचं हेड त्याने वाकतं किंवा तडकतं.

हवा काढूनही फरक नाही? मग थर्मोस्टॅट उलटा बसलाय का बघा. मेणाची कुपी इंजिनच्या बाजूला हवी, आणि छोटी हलती पिन असेल तर ती वर. इंजिन तापलंय, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटका देतोय आणि खालचा गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा रेडिएटर तुंबलाय. बेल्ट चुकीच्या मार्गाने घातला तर पंप उलटा फिरतो, हेही पाहिलेलं आहे. फॅनचा कनेक्टर काढून परत जोडायचा राहून जातो. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. झाकणाकडे कुणी बघतच नाही. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरतं, आणि सुमारे 1 बार दाबाखाली साधं पाणीही 120 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही, कूलंट लवकर उकळतं.

एक चौकशीही करा: कूलंट मिश्रण करून घातलं की तसंच्या तसं ओतलं? कूलंटमधलं मुख्य रसायन ग्लायकॉल शुद्ध असेल तर पाण्याच्या जवळपास निम्मीच उष्णता धरतं, त्यामुळे कॉन्सन्ट्रेट जास्त असणं चांगलं नाही. अर्धं-अर्धं चालतं.

गॅस्केटचा संशय उरलाच तर तो हेड न उघडता तपासता येतो. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, अजून गार असलेला वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची: टाकीतली हवा त्यातून ओढतात, एक्झॉस्टचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत तो पिवळा पडतो. हवा काढूनही बुडबुडे अखंड येत राहिले तर ही चाचणी करून घ्या, आणि तोवर गाडी चालवू नका. आत्तापर्यंतच्या तापण्यानेही गॅस्केट गेलेलं असू शकतं.

आधी हीटरची हवा आणि दोन्ही होजचं तापमान बघून इथे लिहा, कोणती गाडी ते आणि काढलेलं व भरलेलं कूलंट किती लिटर होतं तेही सांगा. काढलं त्यापेक्षा भरलं बरंच कमी असेल, तर उरलेल्या जागेत काय बसलंय ते वेगळं शोधायला नको.