काळ्या मातीतलं लॉन: वाळूचा ट्रक थांबवा, आधी कोपरा उचलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला बंगल्यापुढे ३० बाय २० फुटांची जागा, गेल्या जूनमध्ये तयार लॉनचे तुकडे अंथरले, आणि आता मार्चमध्ये पिवळे पट्टे पडून बोट जाईल एवढ्या भेगा गेल्यात. माळी म्हणतोय, दोन इंच वाळू मिसळू, वर चार इंच लाल माती पसरू, नवं लॉन घालू.

दोन्ही नको. काळ्या मातीत साधारण ४० ते ६० टक्के बारीक चिकण कण असतात. वाळूने तिचा पोत बदलायचा तर मिश्रणात तीन चतुर्थांशाच्या आसपास वाळू पाहिजे. दोन इंच वाळू त्या चिकणात बुडून जाते आणि वाळल्यावर जमीन विटेसारखी होते. लाल मातीच्या थराची अडचण वेगळी. पावसाळ्यात पाणी दोन मातींच्या सांध्यावर अडून मुळं कुजतात, आणि उन्हाळ्यात तोच चार इंचांचा थर दोन दिवसांत कोरडाठक्क होतो. मुळं सांधा ओलांडून खाली जायला तयार नसतात. पहिलं वर्ष दृष्ट लागण्यासारखं दिसतं, म्हणून हा उपाय खपतो.

आता दोन-तीन गोष्टी तपासा. लॉनच्या तुकड्याचा एक कोपरा धरून वर ओढा. सतरंजीसारखा अलगद उचलला गेला, तर मुळं तुकड्यासोबत आलेल्या मातीतच गोल फिरतायत, खालची जमीन खोदली गेलीच नव्हती. मग पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबा. सहा इंच सहज गेला पाहिजे. दोन इंचांवर अडला, तर रोजचं पाणी वरच्या वर उडून जातंय.

तिसरी तपासणी जिप्समची. 'काळी माती आहे, जिप्सम टाका' हा सल्ला सर्रास मिळतो, पण जिप्सम कामाचं चोपण जमिनीत, जिथे सोडियम जास्त असतं. तुमच्याकडच्या मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम, बहुतेक वेळा आधीच मुबलक असतं. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर जिप्समचे पैसे वाचले. ढेकळाभोवती दुधाळ ढग धरला, तर सोडियमचा संशय धरा आणि कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मगच मात्रा ठरवा. बोअरचं पाणीही सोबत तपासून घ्या. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं क्षाराचं पाणी मात्र लॉनला कधीच देऊ नका.

पिवळेपणात फरक करायला शिका. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे: अमोनियम सल्फेट चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे तुमच्या ५६ चौरस मीटरला अर्धा किलोच्या थोडं वर, टाकून लगेच पाणी. कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे अडकून बसतं, म्हणून फेरस सल्फेट जमिनीत टाकणं वाया. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पातींवर फवारा, ५-६ लिटर द्रावण पुरेल, ८-१० दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, गंजाचा डाग नंतर निघत नाही.

खरी गोम पाण्यात आहे. काळी माती एकदा ओली होऊन फुगली की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते, बाकीचं गेटकडे वाहतं. म्हणून माणसं पाच मिनिटं पाइप फिरवतात, जमीन चकाकली की बंद करतात, आणि रोज तेच. त्यातून मुळं वरच राहतात. तुम्हाला एका वेळी २० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११०० लिटर द्यायचंय. मार्चमध्ये चार-पाच दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी. २० लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल तर एकूण ८५ मिनिटं लागतील. लॉनचे मनाशी चार भाग करा, प्रत्येकाला सात मिनिटं, अशा तीन फेऱ्या. एका भागाला पाणी चालू असताना बाकीचे तीन जिरवून घेतात. वेळ पहाटेची. भेगेत पाइप खुपसून पाणी सोडू नका, ते सरळ तीन-चार फूट खाली जातं. भेगा चाळलेलं शेणखत आणि तिथलीच बारीक माती समप्रमाणात घेऊन कोरड्याच भरा, झाडूने लोटत.

कोपरा उचलला गेला असेल तर हे लॉन जगवत बसण्यात अर्थ नाही. मे महिन्यात काढून टाका, जमीन नऊ इंच खणा आणि ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. फोडत बसू नका. शेतकरी उन्हाळी नांगरट करतो त्याच कारणाने: तापलेलं ढेकूळ पहिल्या चांगल्या पावसात आपोआप भुगा होतं. मग दोन इंच जाडीचं पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ६०० चौरस फुटांना बरोबर एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट लागतं. अर्धवट कुजलेलं घेतलंत तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, विकत आणलीत असं समजा. हे मिसळणं वाफशावरच: मुठीत लाडू वळतो आणि अंगठ्याने दाबला की फुटतो, ती वेळ. लाडवाची पट्टी ओढली जात असेल तर थांबा, ओल्यात चालवलेलं फावडं माती लिंपून ठेवतं आणि तो घट्टपणा पुढे वर्षभर निघत नाही. रोलरही ओल्यावर नको.

उतार घराकडून बाहेर, ३० फुटांत सहा इंच. खालच्या टोकाला फूटभर रुंद, दीड फूट खोल चर खणून खडीने भरा आणि गटाराला जोडा. लागवडीआधी लव्हाळ्याचं तण उगवू द्या आणि गाठींसकट खणून काढा. हे दोनदा करावं लागतं.

गवत कोणतं? दिवसाचं सहा तास ऊन असेल तर हरळीच, बारीक पानाची निवड केलेली मिळते ती. जुलैमध्ये चार-चार इंचांवर टोचून लावा, तयार तुकडे नकोत. इथल्याच मातीत रुजलेली हरळी भेगेवरून धावे टाकून पलीकडे जाते, तुकड्यांच्या लॉनला ते जमायला फार वेळ लागतो. कापणी दीड इंचावर, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नाही. सावलीत हरळी विरळ होते, तिथे हट्ट करू नका.

आणि ६०० फूट सगळंच लॉन कशाला? मुलांना खेळायला २०० फूट ठेवा, पाणी तिसऱ्या हिश्श्यावर येईल. बाकी ठिकाणी जलपिंपळी पसरते, चिखल आणि दुष्काळ दोन्ही सोसते. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा अनवाणी चालायची जागा सोडून लावा. उताराच्या खालच्या कडेला वाळा. कण्हेर, बोगनवेल सहा-नऊ इंचांच्या उंचवट्यावर लावा. काळ्या मातीत खड्डा करून त्यात खत-माती भरली की तो पावसाळ्यात हौद होतो.

जोत्यालगतची तीन फुटांची पट्टी मात्र कोरडी ठेवा, तिथे लॉनही नको, ठिबकही नको. एका बाजूने भिजून फुगलेली माती आधी फरशी उचलते, मग कंपाउंडची भिंत तडकवते.