मूळ तबकडी ओळखायची कशी?

कव्हरच्या प्रेमात पडून लगेच पैसे देऊ नकोस, आधी तबकडी (विनाइल रेकॉर्ड) बाहेर काढून तिच्या मधोमध चिकटवलेलं गोल लेबल बघ. 'टुमॉरो' या बँडचा १९६८चा अल्बम घे (पुढे 'येस' या बँडमध्ये गेलेल्या स्टीव्ह हाऊची गिटार यात आहे, जरूर ऐक). तो ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या पार्लोफोन या नावाखाली निघाला. त्याच्या मूळ, म्हणजे पहिल्यांदा निघालेल्या, प्रतीचं लेबल काळं, त्यावर पिवळं नाव. चंदेरी-काळं आणि ईएमआयची चौकट असेल, तर ती १९६९नंतरची प्रत.

खरी कुंडली मात्र लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तबकडी तिरप्या उजेडात धर. ईएमआयच्या तबकड्यांवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या (तबकडीच्या त्या बाजूचा ओळख क्रमांक) एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला अक्षरं दिसतील. ती अक्षरं म्हणजे स्टँपरचा, म्हणजे तबकडी दाबून काढणाऱ्या धातूच्या साच्याचा, क्रमांक: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे 'जीडी' असेल तर दहावा. हे पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

त्या काळात बरेच अल्बम मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) आणि स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा) दोन्हींत निघत. 'प्रिटी थिंग्ज' हा बँड मला मोनोतच आवडतो.

ऑनलाइन घेताना लेबलभोवतीच्या त्या पट्ट्याचा फोटो मागव. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ती प्रत सोडून दे.